दिल्लीचे अंतर

दिल्लीचा पालम आणि मुंबईचा सांताक्रूझ या दोन विमानतळांमधील हवाई अंतर सुमारे १,१४० किलोमीटर आहे. पालमला आज इंदिरा गांधींचे व सांताक्रूझला छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव आहे. परंतु जुन्या प्रवाशांच्या तोंडी अद्याप ही गावांचीच नावे बसलेली आहेत. पुण्याहून हेच अंतर सुमारे १,१६० आणि नागपूरहून सुमारे ८५५ किलोमीटर भरते. हे आकडे भूगोलाचे असल्यामुळे ते कोणाच्या पराक्रमाने कमी झाले नाहीत, की कोणाच्या पराभवाने वाढले नाहीत. बाजीरावाच्या घोड्यालाही दिल्ली तितकीच लांब होती आणि आजच्या जेट विमानालाही ती तितकीच लांब आहे. बदलत गेला तो काळ, म्हणजे हे अंतर तोडण्यास लागणारा वेळ. तथापि वेळ किती कमी झाला, एवढेच विचारून इतिहासाचे समाधान होत नाही. तो कोणासाठी कमी झाला, हा प्रश्न त्याहून महत्त्वाचा आहे. आणि दिल्ली व महाराष्ट्र यांच्यामधील प्रवासाची हकीकत या दृष्टीने पाहण्यासारखी आहे.

‘दिल्ली अजून दूर आहे’ हा वाक्प्रचार फार जुना. सूफी संत निजामुद्दीन औलिया यांच्या नावाशी जोडलेल्या एका फारसी उद्गारातून तो आला आणि हिंदुस्थानच्या बहुतेक भाषांत रुजला. मराठी माणसाच्या कानी मात्र तो नुसता वाक्प्रचार नव्हता. अठराव्या शतकात मराठ्यांच्या राजकारणाचा डोळा दिल्लीवर आणि त्यांचे घर दक्षिणेत, अशी स्थिती होती. त्यामुळे या दोन टोकांमधील अंतर किती दिवसांचे, हा प्रश्न राज्याच्या जीवनमरणाचा होऊन बसला.

इ. स. १७३७ च्या मार्च महिन्यात बाजीरावाने मोगल सरदारांच्या फौजांना बगल दिली, लांब लांब मजला मारल्या आणि एकाएकी दिल्लीच्या वेशीवर धडक दिली. कालकादेवीच्या जत्रेचा तो दिवस होता. बादशाही सरदार जेथे त्याला शोधत होते, तेथे तो नव्हताच. त्या स्वारीत शहर घेण्याचा त्याचा हेतू नव्हता. मराठी घोडा किती दिवसांत कोठे पोहोचू शकतो, हे बादशहाला दाखविणे हाच हेतू होता आणि तो साधला. वेग हेच त्या स्वारीचे शस्त्र होते.

तेवीस वर्षांनंतर सदाशिवरावभाऊंची फौज मार्च १७६० मध्ये मराठवाड्यातील पडतूरहून निघाली, ती ऑगस्टच्या प्रारंभी दिल्लीत शिरली. तोफखाना, बाजारबुणगे, यात्रेकरू आणि कुटुंबकबिला बरोबर घेऊन चालणाऱ्या सैन्याला या वाटेला चार महिन्यांहून अधिक काळ लागला. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर त्या सैन्याचा नाश झाला, तेव्हा नानासाहेब पेशवे मदतीची फौज घेऊन उत्तरेकडे येत होते आणि पुढे माळव्यात भेलशापर्यंत पोहोचले. पानिपत ते भेलसा हे सरळ रेषेतील अंतर सुमारे ६५० किलोमीटर. एका सावकारी पत्रातून, मोत्यांच्या आणि मोहरांच्या सांकेतिक भाषेत, ती बातमी पेशव्यांच्या हाती पडली तेव्हा लढाईला सुमारे दहा दिवस लोटले होते. त्या दहा दिवसांत पेशवे ज्यांच्या मदतीस निघाले होते, ते जिवंतच नव्हते. त्याच वर्षीच्या जून महिन्यात पर्वतीवर नानासाहेबांचे देहावसान झाले. त्या काळी बातमी माणसाच्या पायांनी किंवा घोड्याच्या टापांनी येई. त्यामुळे जासूद जितका वेगवान, तितकेच राज्याचे डोळे वेगवान असत.

पुढे महादजी शिंद्यांनी मराठ्यांचे पाऊल पुन्हा दिल्लीत रोवले. इ. स. १७७२ च्या जानेवारीत मराठ्यांच्या आधाराने शाह आलम बादशहा दिल्लीच्या तख्तावर परत आला. त्याच्या दुबळेपणावर लोकांनी एक टोमणा रचला, की शाह आलमचे राज्य दिल्लीपासून पालमपर्यंत. काही अभ्यासकांच्या मते हा टोमणा मुळात पंधराव्या शतकातील सय्यद घराण्याच्या आलमशहाला उद्देशून होता. तो कोणाचाही असो, त्यातील पालम हे दिल्लीच्या नैर्ऋत्येस काही कोसांवर असलेले एक साधे खेडे. बादशाहीची सीमा किती आखडली हे सांगण्यासाठी त्या खेड्याचे नाव वापरले गेले. त्याच पालमच्या शिवारात पुढे देशातील सर्वांत गजबजलेला विमानतळ उभा राहील आणि तेथून माणसे दोन तासांत दक्षिणेत उतरतील, असे त्या टोमणेखोरांच्या स्वप्नातही आले नसेल.

एकोणिसाव्या शतकाने या अंतराच्या हिशेबात दोन बदल केले. पहिला तारायंत्राचा. मे १८५७ मध्ये मेरठचे शिपाई दिल्लीत शिरले, तेव्हा दिल्लीच्या तारघरातून ती वार्ता त्याच दिवशी अंबाल्याकडे गेली आणि पंजाबातील इंग्रज अधिकारी सावध झाले. पानिपतच्या बातमीला लागलेले दहा दिवस आणि या बातमीला लागलेली काही मिनिटे, यांमध्ये शंभर वर्षांचेही अंतर नाही. बातमी माणसापासून सुटी झाली आणि माणसाच्या पुढे धावू लागली. दुसरा बदल आगगाडीचा. तिने सामान्य माणसाला प्रथमच थोड्या पैशांत दूरचा देश दाखविला. दिल्लीकडे मुंबईहून दोन लोहमार्ग गेले. बडोदा, रतलाम, कोटा असा पश्चिमेचा मार्ग सुमारे १,३८४ किलोमीटरचा, आणि भुसावळ, भोपाळ, झाशी, आग्रा असा मध्येचा मार्ग सुमारे १,५४० किलोमीटरचा. १९१२ मध्ये पंजाब मेल आणि १९२८ मध्ये फ्रंटियर मेल सुरू झाली. भाऊंच्या फौजेला जी वाट चार महिने पुरली, ती आता सुमारे एका अहोरात्राची झाली. त्या गाडीत साहेबाचा पहिला वर्ग होता, तसाच पुढे दिल्लीत कारकुनीस निघालेल्या मराठी तरुणाचा तिसरा वर्गही आला. दोघेही एकाच वेळी दिल्लीस उतरत, ही आगगाडीने आणलेली मोठीच समता होय.

१९११ हे साल या हकीकतीत दोन कारणांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्या वर्षाच्या डिसेंबरात पंचम जॉर्ज बादशहाने दिल्ली दरबारात राजधानी कलकत्त्याहून दिल्लीस हलविण्याची घोषणा केली. आणि त्याच वर्षी १८ फेब्रुवारी रोजी आंरी पेके नावाच्या फ्रेंच वैमानिकाने अलाहाबादेच्या प्रदर्शनातून सहा हजारांवर पत्रे घेऊन यमुनेपलीकडे नैनीपर्यंत उड्डाण केले. अंतर अवघे सुमारे दहा किलोमीटर आणि वेळ सुमारे तेरा मिनिटे. विमानाने अधिकृत टपाल नेण्याचा जगातील हा पहिला प्रसंग मानला जातो. हिंदुस्थानातील हवाई वाहतुकीचा आरंभ असा माणसाने नव्हे, पत्राने झाला.

नव्या राजधानीत सफदरजंगाच्या कबरीजवळ १९२९ च्या सुमारास विलिंग्डन विमानतळ तयार झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस लंडन ते कराची ही विमानसेवा दिल्लीपर्यंत वाढविण्यात आली. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा एका लहानशा पस मॉथ विमानातून कराचीचे टपाल घेऊन मुंबईत जुहूच्या मैदानावर उतरले. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. दिल्लीलाही विमान आले ते कराचीहून, आणि मुंबईलाही विमान आले ते कराचीहून. कारण विलायतेची डाक प्रथम कराचीस येत असे. दिल्ली आणि मुंबई या दोन शहरांना एकमेकांशी जोडण्याआधी लंडनशी जोडण्याची निकड साम्राज्याला अधिक वाटली. ज्याच्या गरजेसाठी मार्ग आखला जातो, त्याचेच अंतर प्रथम कमी होते, हे यावरून स्पष्ट दिसते.

मुंबई ते दिल्ली अशी टाटांची विमानसेवा सुरू झाली ती नोव्हेंबर १९३७ मध्ये. ती सरळ जात नसे. इंदूर, भोपाळ आणि ग्वाल्हेर येथे थांबत थांबत ती दिल्लीस पोहोचे. त्या काळच्या विमानांची झेप लहान होती. इंधनासाठी त्यांना मध्ये उतरावे लागे. आणि वैमानिकाला नद्या, डोंगर व लोहमार्ग डोळ्यांनी पाहून वाट ओळखावी लागे. परंतु थांब्यांची ही नावे मराठी श्रोत्यांना नवी नाहीत. इंदूर होळकरांचे, ग्वाल्हेर शिंद्यांचे, आणि भोपाळ ही बाजीरावाने १७३७ च्या डिसेंबरात निजामाला कोंडीत धरल्याची जागा. बाजीरावाच्या दिल्लीवरील धडकेला नेमकी दोनशे वर्षे होत असताना विमान त्याच वाटेने उत्तरेस जाऊ लागले. यात योगायोगापेक्षा भूगोलाचा भाग मोठा आहे. दक्षिणेतून दिल्लीस जाणाऱ्याला नर्मदा, माळव्याचे पठार आणि चंबळ ओलांडावीच लागते, मग तो घोड्यावर असो की ढगांत.

स्वातंत्र्यानंतरची एक घटना या संबंध हकीकतीतील सर्वांत बोधप्रद होय. युद्ध संपल्यावर सैन्याची डाकोटा विमाने स्वस्तात विक्रीस निघाली आणि देशात अनेक विमानकंपन्या उभ्या राहिल्या. त्या वेळी दळणवळण खात्याचे मंत्री रफी अहमद किडवई होते. त्यांच्या पुढाकाराने १९४९ च्या जानेवारीअखेर रात्रीची हवाई डाक सुरू झाली. तिची योजना साधी होती. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रात्री एकेक विमान टपालाच्या थैल्या घेऊन निघावे. चारही विमानांनी मध्यरात्रीनंतर एका मध्यवर्ती ठिकाणी उतरावे. तेथे थैल्यांची अदलाबदल व्हावी आणि पहाटेपर्यंत प्रत्येक विमानाने आपापल्या शहरी परतावे. हे मध्यवर्ती ठिकाण म्हणजे नागपूरचा सोनेगाव विमानतळ.

नागपूरच का, याचे उत्तर नकाशात आहे. तेथून मुंबई सुमारे ६८०, दिल्ली ८५५, मद्रास ९१० आणि कलकत्ता ९७५ किलोमीटर. चारही दिशांची अंतरे डाकोटा विमानाला एका झेपेत पेलण्यासारखी आणि एका रात्रीत जाऊन येण्यासारखी होती. ताशी २७० किलोमीटरच्या वेगाने दिल्लीचे विमान सव्वातीन तासांत नागपुरास पोहोचे. चार शहरे परस्परांशी थेट जोडायची तर सहा निरनिराळे मार्ग चालवावे लागले असते; नागपूरला गाठ मारल्यामुळे चारच पुरले.

यातील खरी मौज अंतराच्या हिशेबात आहे. दिल्लीचे पत्र नागपूरमार्गे मुंबईस जाताना सुमारे १,५३५ किलोमीटर प्रवास करी, म्हणजे सरळ वाटेपेक्षा जवळजवळ चारशे किलोमीटर जास्त. तरीही ते लवकर पोहोचे. कारण ते रात्री प्रवास करी, आणि रात्र ही एरवी टपालाच्या दृष्टीने निजलेली असते. संध्याकाळी पेटीत पडलेले पत्र सकाळी दुसऱ्या शहराच्या टपालखान्यात हजर होई. अंतर वाढवून वेळ वाचविण्याचा हा प्रयोग होता. विमान किती वेगाने उडते यापेक्षा ते केव्हा उडते, हे त्या योजनेने अधिक महत्त्वाचे ठरविले.

त्याहूनही मोठी गोष्ट १ एप्रिल १९४९ रोजी घडली. त्या दिवसापासून देशांतर्गत साधी पत्रे, विमानाने नेल्यास लवकर पोहोचत असतील तर, जादा आकार न घेता विमानाने नेण्याचा निर्णय अमलात आला. तोपर्यंत हवाई टपाल ही ऐपतदारांची चैन होती. त्यासाठी वेगळे पैसे मोजावे लागत. आता दिल्लीत पहाडगंजमध्ये बिऱ्हाड केलेल्या कारकुनाने गावी आईला लिहिलेले पत्र आणि एखाद्या मोठ्या पेढीचे पत्र एकाच थैलीतून, एकाच विमानाने, एकाच रात्री नागपुरास उतरू लागले. ज्या माणसाने जन्मात विमानात पाऊल ठेवले नव्हते, आणि ठेवण्याची शक्यताही नव्हती, त्याचा शब्द विमानाने जाऊ लागला. नव्या स्वतंत्र देशाने वेगाचा लाभ प्रथम कोणाला दिला, याचे हे एक निःशब्द उत्तर होते.

या सेवेचे मोल माणसांनीही मोजले. १२ डिसेंबर १९५३ च्या पहाटे नागपूरहून मद्रासकडे निघालेले डाकोटा विमान उड्डाणानंतर लगेच कोसळले आणि तेरा जण मृत्युमुखी पडले. त्याच वर्षीच्या ऑगस्टात आठ खाजगी कंपन्यांचे एकत्रीकरण होऊन इंडियन एअरलाइन्स कॉर्पोरेशन स्थापन झाले होते. सकाळी दारात पत्र टाकणारा पोस्टमन सर्वांना दिसे. परंतु ते पत्र तेथवर यावे म्हणून अंधारात सोनेगावच्या धावपट्टीवर दिवे लावणारे, थैल्या मोजणारे आणि झोपेला मारून विमान हाकणारे लोक कोणाला दिसत नसत.

प्रवाशांच्या विमानांचा वेगही या काळात झपाट्याने वाढला. दिल्ली–मुंबई हे अंतर सरळ कापावयाचे तर डाकोटाला, वेगाच्या हिशेबाने, चार तासांहून अधिक लागत. १९५७ मध्ये आलेल्या व्हायकाउंट विमानाने ते अडीच तासांच्या आत आणले. १९६४ मध्ये कॅरव्हेल हे जेट विमान आले आणि आकाशातील वेळ दीड तासावर आला. जेट विमानांना सफदरजंगची धावपट्टी अपुरी होती. म्हणून १९६२ मध्ये दिल्लीची प्रवासी वाहतूक पालमला हलविण्यात आली. हा तळ महायुद्धाच्या काळात लष्करी उपयोगासाठी बांधलेला होता.

यानंतरचा भाग विचार करण्याजोगा आहे. १९६४ पासून आजपर्यंत साठ वर्षे लोटली. विमाने मोठी झाली, सुरक्षित झाली, कमी इंधनात उडू लागली; परंतु दिल्ली–मुंबई प्रवासाचा वेळ मात्र कमी झाला नाही. आजची विमानेही ताशी आठशे किलोमीटरच्या आसपासच जातात. उलट वेळापत्रकात आता दोन तास, सव्वादोन तास असे आकडे दिसतात. विमानकंपनी जो वेळ सांगते, तो विमान जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या टोकाला जागेवर उभे राहीपर्यंतचा असतो. त्यात धावपट्टीपर्यंतचे रांगणे, उड्डाणाची प्रतीक्षा, ठरवून दिलेल्या मार्गाचे वळण आणि उतरण्यापूर्वी आकाशात घातलेल्या घिरट्या, हे सर्व येते. हिवाळ्यात पालमवर धुके उतरले, की दीड तासाची दिल्ली पुन्हा दूर जाते. नव्या उपकरणांमुळे अत्यल्प दृश्यतेतही विमाने उतरू लागली असली, तरी निसर्गाने आपला हक्क अगदीच सोडलेला नाही.

विमानतळावर दोन तास आधी पोहोचावे लागते, आणि तेथवर पोहोचण्यासाठी शहर ओलांडावे लागते. म्हणजे ज्या प्रवासात आकाशातला भाग दीड तासाचा, त्यात जमिनीवरचा भाग सहज चार तासांचा होतो. जुन्या टोमण्यातील दिल्ली ते पालम हे अंतर बादशहाच्या सत्तेला पुरले नाही. आता ते प्रवाशाच्या धीराला पुरून उरते. २०११ मध्ये नवी दिल्ली स्थानकापासून विमानतळापर्यंत वेगवान मेट्रो सुरू झाली आणि हा तुकडा सुमारे वीस मिनिटांवर आला. या एका मार्गाने प्रवाशाचा जितका वेळ वाचविला, तितका साठ वर्षांत कोणत्याही नव्या विमानाने वाचविला नसेल. दिल्लीच्या परिसरातील जेवर येथे २०२१ मध्ये दुसऱ्या मोठ्या विमानतळाची कोनशिला बसविण्यात आली, आणि नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झाले. जसजसे विमानतळ शहरापासून लांब जातील, तसतसा जमिनीवरचा हिशेब अधिक महत्त्वाचा होईल.

विमानाचे दार सामान्य माणसाला उघडले तेही उशिराच. १९९४ मध्ये सरकारी मक्तेदारीचा कायदा रद्द झाला, २००३ मध्ये स्वस्त भाड्याच्या विमानसेवेला आरंभ झाला, आणि त्यानंतर कोठे मध्यम स्थितीतील कुटुंबे विमानाने दिल्लीस जाऊ लागली. तरीही मुंबई आणि दिल्ली यांच्यामध्ये रोज धावणाऱ्या आगगाड्यांचे साधे डबे आजही खच्चून भरलेले असतात. त्यांतील माणसाच्या लेखी दिल्ली अजूनही एका अहोरात्राच्या अंतरावर आहे, म्हणजे १९२८ च्या प्रवाशाला होती जवळजवळ तितकीच लांब. एकाच दोन शहरांमधील अंतर एकाच दिवशी कोणाला दोन तासांचे आणि कोणाला चोवीस तासांचे असते.

म्हणून दोन विमानतळांमधील किलोमीटर मोजून दिल्लीचे अंतर कळत नाही. ते घरापासून घरापर्यंत मोजावे लागते, आणि मोजणाऱ्याच्या ऐपतीने मोजावे लागते. बाजीरावाने ते घोड्याच्या दमाने मोजले, नानासाहेबांनी ते बातमीला लागलेल्या दहा दिवसांनी मोजले, आणि साम्राज्याने ते विलायतेच्या डाकेने मोजले. १९४९ च्या त्या डाकोटा विमानांनी मात्र ते साध्या टपालाच्या दराने मोजले. नागपुरात मध्यरात्री उतरणाऱ्या त्या थैल्यांमध्ये कोणाचे पत्र कोणाच्या पत्रावर ठेवले आहे, हे पाहण्याची सोय नव्हती आणि गरजही नव्हती. सोनेगावचा तो विमानतळ आज डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नावाने ओळखला जातो.